‘चूक झाली’ आणि ‘मी केलं’: एका खोट्या खात्याचं प्रकरण

गावाचं नाव, शाळेचं नाव, साल, कुणाचं आडनाव, यातलं काहीही इथे येणार नाही. बाल न्याय कायद्याच्या ७४ व्या कलमानुसार अशा प्रकरणातल्या मुलाची ओळख उघड करता येत नाही, मग तो करणारा असो की सोसणारा. केली तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. कायदा नसता तरी मी नावं दिली नसती. बेळगावहून बसने तासाभरात पोहोचता येईल असं एक भाताचं गाव, एका आवाराला लागून दुसरं आवार असलेल्या मराठी आणि कन्नड माध्यमाच्या दोन शाळा, आणि त्यांतल्या मराठी हायस्कुलात मी भाषेची शिक्षिका. एवढं पुरे. ओळख पटू नये म्हणून काही बारीक तपशीलही बदलले आहेत.

दसऱ्याची सुट्टी संपून शाळा उघडली, तो बुधवार होता. दहावीच्या वर्गात वर्गप्रतिनिधी मुलगी गैरहजर. एसएसएलसीचं, म्हणजे दहावीच्या बोर्ड परीक्षेचं वर्ष, त्यात ही मुलगी तापातही शाळा न चुकवणारी. मुलींच्या बाकांवर कुजबुज चालू होती आणि मुलांच्या बाजूला नको इतकी शांतता. मधल्या सुट्टीत एक मुलगी माझ्यामागून पाणवठ्यापर्यंत आली आणि ओढणीआडून मोबाइल काढून दाखवला. शाळेत मोबाइलला बंदी आहे. त्याबद्दल मी तेव्हा काहीच बोलले नाही.

इन्स्टाग्रामवर त्या मुलीच्या नावाचं खातं होतं. फोटो गॅदरिंगमधला, इरकल नेसलेली, नाकात नथ, हसत बघणारी. त्याखाली पाच स्क्रीनशॉट. ती आणि शेजारच्या कन्नड माध्यमातला एक मुलगा यांच्यातल्या गप्पा म्हणून टाकलेले. ‘उद्या क्लास बुडवून येते.’ ‘घरात कळू देऊ नकोस, मी काहीतरी सांगते.’ पुढे लिहिण्यासारखं नाही.

तो फोटो मी ओळखला. गॅदरिंगच्या रात्री तो मीच काढला होता आणि पालकांना बघायला मिळावा म्हणून वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकला होता. कुणाची परवानगी विचारली नव्हती. या प्रकरणात जबाबदारीचा हिशेब मांडायचा तर पहिली ओळ माझ्या नावावर पडते, म्हणून ती इथेच लिहून ठेवते.

शाळा सुटल्यावर मी तिच्या घरी गेले. अंगणात भाताच्या पेंढ्या रचलेल्या, सुगीची घाई, आणि घरात मात्र चूल पेटलेली नाही. आई सोप्यावर भिंतीला टेकून बसली होती. वडील उद्यमबागेत फौंड्रीत कामाला. ते पहिली पाळी करून आले होते आणि अंगावरची काळी धूळसुद्धा धुतली नव्हती. मुलगी माजघरात. तिला स्वतःचा फोनच नव्हता, होता तो आईचा. हा केवढा मोठा पुरावा. पण तीन दिवसांत त्या घरातल्या कुणाच्या डोक्यात तो आला नव्हता. सगळे तिला एकच विचारत होते, ‘हा पोरगा कोण?’

मी सगळ्यात आधी तिला एकटीला एक प्रश्न विचारला: याखेरीज आणखी कसला फोटो आहे का, अंगावरचा, कपड्यांशिवायचा, खरा किंवा बनवलेला? हा प्रश्न विचारताना शब्द जड जातात, पण तो विचारावाच लागतो. तसं काही असतं तर ते पोक्सोचं, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या कायद्याचं, आणि आयटी कायद्याच्या ‘६७ बी’ कलमाचं प्रकरण झालं असतं. तिथे शाळेने मिटवण्याचा विषयच नसतो. पोलिसांना कळवणं पोक्सोच्या १९ व्या कलमाने बंधनकारक आहे आणि दडपणं हाच गुन्हा. तसला फोटो पुरावा म्हणून स्वतःच्या फोनमध्ये साठवायचा नसतो, कुणाला पाठवायचा तर नसतोच. ती म्हणाली, तसं काही नाही. मग मान वर करून म्हणाली,

“बाई, मी कधी ‘येते’ म्हणतो काय? तुम्हीच सांगा की.”

मी तिच्याकडे बघतच राहिले. आमच्या भागात बायका-पोरी ‘मी आलो’, ‘मी जातो’, ‘मी सांगतो’ असंच बोलतात. मीसुद्धा वर्गात ‘आले’ म्हणते आणि घराच्या उंबऱ्यात पाऊल टाकलं की ‘आलो’. ही मुलगी निबंधातसुद्धा चुकून ‘मी गेलो’ लिहायची आणि मी लाल शाईने खूण करायची. ते पाचही स्क्रीनशॉट ‘येते, सांगते, करते’ असे पुस्तकी होते. कुणीतरी मुलीसारखं लिहायचं म्हणून मालिकेतल्या मुलीसारखं लिहिलं होतं. खोट्या गप्पांचे असे स्क्रीनशॉट बनवून देणारी अ‍ॅप फुकट मिळतात. हवं ते नाव, हवी ती वेळ, निळ्या खुणासुद्धा.

मी सोप्यावर येऊन आईवडिलांना ते वाचून दाखवलं. आई एकदम उठली आणि आत जाऊन तिला जवळ घेतलं. वडील उठले नाहीत. थोड्या वेळाने म्हणाले, “हे आम्हाला कळलं बाई. गावाला कोण सांगणार?”

गुरुवारी मी दहावीच्या वर्गात गेले. कुणाचं नाव घेतलं नाही, संशय दाखवला नाही. सांगितलं, ज्यांनी हे केलं त्यांनी संध्याकाळपर्यंत माझ्या घरी यावं. स्वतःहून आलेला आणि शोधून काढलेला यांच्यात मी फरक करणार आहे. दिवेलागणीला एक मुलगा आईला घेऊन आला. त्याने बाकी दोघांची नावं सांगितली. तिघेही मराठी माध्यमातले, तिघेही त्याच वर्गातले, दोघे पंधरा वर्षांचे, एक सोळा. एक तर तिच्याच गल्लीतला. कारण काय? सुट्टीच्या आधी तिने वर्गप्रतिनिधी म्हणून मला सांगितलं होतं की सोळा वर्षांचा तो मुलगा तासाला मोबाइल बघतो. “एक दिवस ठेवून काढणार होतो बाई. मजा म्हणून.” आणि कन्नड मुलाचं नाव? “तो लगेच खरा वाटला असता.” या उत्तराने मी जितकी हादरले तितकी दुसऱ्या कशानेच नाही. आपल्या गावात कुठली गोष्ट पटकन पेट घेईल याचा अंदाज त्या पोरांना अचूक होता. तो त्यांना आपणच शिकवलेला.

त्या रात्रीच खातं बंद व्हायला हवं होतं. झालं नाही, त्याची गोष्ट सविस्तर सांगायला हवी, कारण पुढचं सगळं त्यावर अवलंबून होतं.

खात्याचा पासवर्ड मोठ्या मुलाकडे होता. नंबर वडिलांच्या नावावरचा, कारण अठराच्या आतल्याला सिम मिळत नाही. वडील टेम्पो चालवतात. त्यांना गुरुवारी रात्री कळलं. त्यांनी मुलाला पट्ट्याने मारलं, फोन दगडी पायरीवर आपटून फोडला आणि सिम काढून चुलीत टाकलं. गावात दुसऱ्या दिवशी याचं कौतुक झालं, ‘बाप असावा तर असा’. खातं मात्र जिवंतच. दुसऱ्या फोनवरून उघडायला गेलं की कोड जाणार त्याच जळलेल्या नंबरवर. शुक्रवारी वडील टेम्पो बंद ठेवून बेळगावला गेले, आधार दाखवून, अंगठा देऊन नवं सिम घेतलं. पण सिम बदललं की पहिले चोवीस तास एसएमएस बंद राहतात. फसवणूक टाळण्यासाठी केलेला नियम आहे तो. म्हणजे कोड शनिवारी संध्याकाळच्या आत येणं शक्य नव्हतं.

आमच्या हातात आणखी एक मार्ग होता. मुली बुधवारपासून ‘रिपोर्ट’चं बटण दाबत होत्या. पन्नासजणींनी दाबलं म्हणून काम लवकर होतं असं नाही. तोतया खात्याबद्दल ज्याच्या नावाने ते काढलंय त्याने, किंवा मूल असेल तर पालकाने, ओळखपत्रासह वेगळा अर्ज करायचा असतो. स्वतःचं खातं नसलं तरी तो करता येतो. २०२१ च्या आयटी नियमांनुसार अशा तोतयेगिरीच्या तक्रारीवर कंपनीने चोवीस तासांच्या आत पावलं उचलायची असं त्या वेळी बंधन होतं. हे मला शुक्रवारी रात्री, बेळगावच्या एका ओळखीच्या वकीलबाईंनी फोनवर सांगितलं तेव्हा कळलं. बुधवारीच विचारलं असतं तर गुरुवारी सुटलं असतं.

शनिवारी सकाळी बसथांब्यावर त्या कन्नड मुलाला दोघांनी मारलं. मारणारे विशीतले, मिसरूड फुटून बरीच वर्षं झालेले. आदल्या रात्री ते स्क्रीनशॉट गल्लीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आले होते आणि त्याखाली ‘आपल्या पोरींना हात लावला तर’ अशी वाक्यं. १ नोव्हेंबर चार दिवसांवर. बेळगाव मुंबई राज्यातून तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेलं ते १९५६ च्या १ नोव्हेंबरला, आणि त्या तारखेला इकडे कर्नाटक राज्याच्या स्थापनेचा राज्योत्सव असतो आणि आमच्यात, मराठी भाषकांत, काळा दिवस. त्या आठवड्यात हवा कशी असते ते सीमाभागातल्या माणसाला सांगायला नको. माझे वडील हयातभर काळ्या दिनाच्या फेरीत चालले. माझं मत काय आहे ते मी कधी लपवलेलं नाही. म्हणूनच स्पष्ट लिहिते: त्या मुलाच्या ओठाला पडलेले टाके भाषेसाठी पडले नाहीत. तीन मराठी मुलांनी एका मराठी मुलीवर रचलेल्या खोट्यासाठी पडले, आणि ते खोटं उघड झाल्यानंतर दोन दिवसांनी पडले. गुरुवारी रात्रीपासून सत्य किमान पाच-सहा मोठ्या माणसांना माहीत होतं. आम्ही ते घराघरांतच ठेवलं, ‘मुलांची बदनामी नको’ म्हणून.

शनिवारी रात्री कोड आला. मुलाने सुजल्या हाताने खातं उघडलं आणि माझ्यासमोर काढून टाकलं. काढण्याआधी वकीलबाईंच्या सांगण्यावरून खात्याचं नाव, दुवा, तारीख-वेळ दिसेल अशी चित्रं मुलीच्या वडिलांच्या फोनवर घेतली. ते नसतं तर सोमवारी पोलिसांकडे काय नेणार होतो?

सोमवारी मुलीचे वडील पोलीस ठाण्यात गेले आणि संतापून परत आले. “एफआयआर घेत नाहीत. दाबायला बघतात. आम्ही मराठी म्हणून.” गावातल्या एका पुढाऱ्याने भर घातली, ‘६६ ए लावायला सांगा.’ आयटी कायद्यातलं ऑनलाइन आक्षेपार्ह मजकुराबद्दलचं ते कलम सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजीच रद्द केलंय. मी त्यांच्याबरोबर पुन्हा गेले. प्रत्येक ठाण्यात एक बाल कल्याण पोलीस अधिकारी नेमलेला असतो. त्यांनी शांतपणे समजावून सांगितलं. दुसऱ्याच्या नावाने खातं काढणं हे आयटी कायद्याच्या ‘६६ सी’ आणि ‘६६ डी’ मध्ये येतं, शिक्षा तीन वर्षांपर्यंत. बाल न्याय कायद्याच्या भाषेत तो किरकोळ गुन्हा, आणि करणारा अठराच्या आतला असेल, बरोबर कुणी प्रौढ नसेल, तर २०१६ च्या आदर्श नियमांनुसार एफआयआर नोंदवायचा नसतो. ठाण्याच्या दैनंदिनीत नोंद करायची, मुलाच्या घरच्या परिस्थितीचा अहवाल बनवायचा आणि बाल न्याय मंडळाकडे पाठवायचा. मुलाला बेडी नाही, कोठडी नाही, गणवेशातला पोलीस नाही.

बापाला हे पटवणं अवघड होतं. त्यांना ‘किरकोळ’ हा शब्द लागला. तीन रात्री मुलगी झोपली नाही आणि कायदा म्हणतो किरकोळ. मला त्यांचा राग अजूनही बरोबर वाटतो. शब्द चुकीचाच आहे. पण एफआयआर नाही म्हणजे काहीच नाही, ही समजूतही चुकीची. मंडळात एक न्यायदंडाधिकारी आणि दोन समाजकार्यकर्ते बसतात, त्यांत एक बाई असावीच लागते. समज देऊन पालकांसह समुपदेशनाला पाठवणं, समाजसेवेचं काम लावणं, पालकांना दंड करणं, देखरेखीखाली ठेवणं, हे सगळं त्यांच्या हातात असतं. या प्रकरणात समज, समुपदेशन आणि समाजसेवा झाली. त्यांचं काम त्यांनी नीट केलं. मात्र किरकोळ गुन्ह्याची चौकशी चार महिन्यांत, फार तर आणखी दोन महिन्यांत संपवायची असते. ते महिने एसएसएलसीचे, आणि ती तिघं व ती मुलगी रोज एकाच वर्गात. त्या रोजच्या दिवसांचं काय करायचं हे कुठल्याच कलमात नव्हतं.

त्यासाठी शाळेच्या व्हरांड्यात बैठक बसली. मुख्याध्यापक, एसडीएमसीचे, म्हणजे शाळा विकास समितीचे अध्यक्ष, चारही घरचे पालक. सूचना आल्या त्या अशा: तिघांना टीसी, म्हणजे शाळा सोडल्याचा दाखला द्या. प्रार्थनेच्या वेळी सगळ्या शाळेसमोर तिच्या पाया पडायला लावा. एक आजोबा म्हणाले, डोकी भादरा. मी टीसीला ठाम विरोध केला. नोव्हेंबरात दहावीच्या मुलाला टीसी म्हणजे शाळेने आपले हात धुणं. मुलगा गाव सोडून जाईल, स्क्रीनशॉट गावातच राहतील.

कुणीतरी विचारलं, ‘तिला काय पायजे?’ तोवर ती मागे खांबाशी उभी होती. पाया पडण्याच्या सूचनेवर ती नको म्हणाली. “ती तिघं पाया पडतील आणि सगळी शाळा बघणार मलाच.” थोडं थांबून म्हणाली, “ज्यांना ज्यांना पाठवलंय त्यांना त्यांनी जाऊन सांगू दे. मी नाही सांगत फिरणार.”

मग यादी करायला बसलो. तिघांनी आठवून आठवून कुणाकुणाला पाठवलं ते लिहिलं. माझ्याकडच्या आखीव कागदावर एक्केचाळीस नावं झाली. रोज शाळा सुटल्यावर तिघांनी मिळून दोन-तीन घरं करायची, बरोबर प्रत्येकाच्या घरचं एक मोठं माणूस. सांगायचं आणि फोनमधून काढायला लावायचं.

पहिल्या दिवशी मीही गेले. मोठ्या मुलाने दारात उभं राहून म्हटलं, “ते इन्स्टावरचं... चूक झाली.” घरची बाई म्हणाली, “होय बाळ, होतंय लहान वयात.” झालं, संपलं. मी त्याला रस्त्यात थांबवलं. पाऊस झाला, उशीर झाला, चूक झाली. मराठीत असं बोललं की करणारा वाक्यातून निघूनच जातो. मी दहा वर्षं कर्तरी-कर्मणी शिकवतेय, पण त्या गल्लीत उभं राहून पहिल्यांदा शिकवल्यासारखं वाटलं. वाक्य ‘मी’पासून सुरू कर म्हटलं. दुसऱ्या घरात तो म्हणाला, “मी ते खातं काढलं. ते मेसेज मी आणि या दोघांनी लिहिलेत. ती त्या पोराशी कधी बोललेली नाही.” त्या घरातली बाई ‘होतंय’ म्हणाली नाही. तिने फोन काढला आणि विचारलं, “कुठलं रे ते? दाखव, काढ.” बाहेर आल्यावर तो विहिरीच्या कट्ट्यावर जाऊन ओकला. त्याच्या वडिलांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. पट्ट्याचे वळ त्याच पाठीवर होते.

बेचाळीसावं घर यादीत नव्हतं, ते कन्नड मुलाचं. तिथे जायचं तिघांनीच ठरवलं, मी सुचवलं नव्हतं. दारावर हाक मारल्यावर आतून आवाज आला, “यारप्पा?” त्याची आई बाहेर आली आणि तिघांकडे बघून मराठीत म्हणाली, “माझ्या लेकाला का मारलासा?” त्यांनी मारलं नव्हतं, पण कुणीही ‘आम्ही नाही’ म्हटलं नाही. मोठ्याने सांगितलं, “आम्ही लिहिलं म्हणून मारलं.” मुलगा आत बसून ऐकत होता. बाहेर आला नाही, आणि त्याने यायलाच हवं होतं असं मला वाटत नाही.

मारणाऱ्या दोघांपैकी एकजण डिसेंबरात जाऊन त्या आईला भेटला. दुसरा गेला नाही. मार खाल्लेल्या मुलाच्या वडिलांनी तक्रार केली नाही, ‘आत्ता नको, गाव पेटंल’ म्हणाले. गल्लीच्या त्या ग्रुपच्या अ‍ॅडमिनला मी स्वतः गाठलं. चाळिशीचे गृहस्थ, महाराष्ट्र एकीकरण समितीच्या प्रत्येक सभेला पुढे. म्हणाले, “बाई, आम्ही काय लिहिलं नाही, आलं ते पुढं पाठवलं.” मद्रास उच्च न्यायालयाने २०२३ साली एका माजी आमदाराच्या प्रकरणात स्पष्ट म्हटलंय की पुढे पाठवणारा त्या मजकुराची जबाबदारी झटकू शकत नाही. मी त्यांना ‘ग्रुपवर एवढंच लिहा की ते खोटं होतं’ अशी विनंती केली. त्यांनी ग्रुपच बंद केला आणि आठवड्याने नव्या नावाने सुरू केला. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांनी दारोदार जाऊन सांगितलं, चाळिशीच्या माणसाला एक ओळ लिहवली नाही. या प्रकरणात मला सगळ्यात जास्त टोचतं ते हेच.

मुलगी पुढच्या सोमवारी शाळेत आली. वर्गप्रतिनिधीपद तिने सोडलं, मी आग्रह केला नाही. मार्चमध्ये परीक्षा दिली, चांगले मार्क पडले, आता बेळगावला पीयूसीला, म्हणजे अकरावी-बारावीला जाते. निरोप समारंभाच्या ग्रुप फोटोला ती उभी राहिली नाही. गॅदरिंगचे सगळे फोटो मी ग्रुपवरून काढले. पण एकदा गेलेला फोटो कुणाकुणाच्या फोनमध्ये उरलाय ते मला सांगता येत नाही, आणि तिलाही हे माहीत आहे.

एप्रिलमध्ये भर दुपारी मोठा मुलगा माझ्या दारात आला. हातात तो आखीव कागद, घड्यांवर फाटलेला, मागून सेलोटेप लावलेला. अडतीस नावांपुढे खुणा होत्या. उरलेल्या तिघांपैकी दोघे गोव्याला कामाला गेलेले, त्यांना त्याने फोन करून सांगितलं होतं, त्यांच्यापुढे तारीख लिहिली होती. एकाचा नंबर बदललेला. घरच्यांनाही नवा ठाऊक नाही, पुण्याकडे कुठेतरी आहे एवढंच.

“बाई, ह्याचं काय करू?”

मी म्हटलं, ठेव तुझ्याकडेच. त्याने कागद घडी करून वरच्या खिशात ठेवला.